कानाची तार

फाल्गुनात हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात कुठेही उभं राहिलं तरी उकडलेल्या हळदीचा वास येतो. शेताशेतांत कुकर लागलेले असतात, खळ्यांवर ओली हळद वाळत पडलेली असते, आणि ज्यांची वाळून झाली त्यांची पोती आमच्या शेजारी शेषरावकाकांच्या अंगणात येतात. तिथे लोखंडी पत्र्याचा मोठा ड्रम आहे. वाळलेली हळद त्यात घालून फिरवली की वरची साल झडते आणि आतला रंग उघडा पडतो. वीज असेल तोवर ड्रम घरघरत राहतो आणि पिवळी धूळ भिंत ओलांडून आमच्याकडे येते. तुळशीच्या पानांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, रांजणाच्या झाकणावर. पुसली की बोटं पिवळी होतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा थर बसलेला असतो.

ही धूळ आधी सांगून ठेवते, कारण पुढे मला तिच्यावर बराच भरवसा ठेवावा लागला.

माझे वडील विश्वंभर, आमचे आबा, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बलालाइका बनवत. तीन तारांचं, तिकोनी पोटाचं रशियन वाद्य. गाव तिला समोसा म्हणायचं आणि आबांना रशियन मास्तर. तरुणपणी ते ट्रॅक्टरच्या कारखान्यात काम शिकायला व्होल्गाकाठच्या एका शहरात राहून आले होते. रविवारी कारखाना बंद असे आणि वसतिगृहात थंडी असह्य होई, म्हणून ते स्तेपान नावाच्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या तळघरात जाऊन बसत. तिथे सरस शिजवायची शेगडी असायची. गेले ऊब घ्यायला आणि परत आले ते वाद्य घडवायला शिकून. पुढे नोकरीभर त्यांनी आयटीआयमध्ये मुलांना फिटरचं काम शिकवलं. निवृत्त झाल्यावर शेड बांधली आणि स्तेपानबुवांकडे पाहिलेलं सगळं हिंगोलीत मिळेल त्यातून करायला घेतलं. पाठीला शिवणीच्या लाकडाच्या पट्ट्या, वाफेवर वाकवलेल्या. वरच्या फळीला यंत्रांच्या जुन्या खोक्यांचं पाइन. एक तार पोलादी, मिरजेहून मागवलेली. उरलेल्या दोन बॅडमिंटन रॅकेटच्या तातीच्या.

या दोन ताती एकाच सुरात लावायच्या असतात. मी लहानपणी विचारलं होतं की दोन्ही सारख्याच, तर दोन कशाला? आबा म्हणाले, "एक हाताची, एक कानाची. हाताची वाजवणाऱ्यासाठी, कानाची ऐकणाऱ्यासाठी." हे स्तेपानबुवांचं. त्यांचा एक नियमही होता आणि आबांनी तो कधी मोडला नाही. कारागीर गावाला निघाला की त्याने कामाच्या जागेतल्या प्रत्येक वाद्याची कानाची तार सैल करून जायचं. रिकाम्या खोलीला कान ठेवू नये. आबा नुसते सेनगावला निघाले तरी शेडमध्ये जाऊन प्रत्येक कानाची खुंटी उलटी पिळत आणि तिचं डोकं आडवं करून ठेवत. परत आले की चहाच्या आधी पुन्हा उभं करत.

"मग हाताची तार कधी सैल करायची?" मी विचारलं होतं.

"ते काम आपलं नसतं," आबा म्हणाले आणि रंधा उचलला.

त्यांची आणि माझी एक खूण होती. स्तेपानबुवांची एक इवलीशी चाल, दारावर टकटक करावी तशी. दिवसाचं काम संपलं की आबा शेडमधून ती वाजवत आणि अर्धवट सोडत. मी चहा घेऊन जाई आणि शेवटचे तीन सूर वाजवून ती पुरी करी. मला तेवढंच वाजवता येतं. परभणीला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागल्यावरही दर शनिवारी मी येई आणि तेवढंच वाजवी.

आबा गेले ते हिंगोलीला निघालेले असताना. ताती आणायच्या होत्या. स्टँडवर जीपमध्ये बसले, शेजारच्या माणसाला "थोडं सरकता का" म्हणाले, आणि जीप भरेपर्यंत संपले होते.

दहाव्याला आम्ही कयाधू नदीच्या काठी गेलो. पिंड ठेवला. कावळा होता. समोरच्या लिंबावर बसून आमच्याकडे बघत होता, पण खाली येईना. मग एकेकाने आबांना शब्द द्यायला सुरुवात केली. पुण्याला नोकरीला असलेला माझा धाकटा भाऊ भागवत म्हणाला, "आबा, सगळं वेळच्या वेळी करीन." गोजरआत्या, आबांची थोरली बहीण, म्हणाली, "देवसिरीचं लगीन लावून देतो आमी, ये बाबा." मी, देवश्री, बेचाळीस वर्षांची आहे; दोघं-तिघं खाली बघून हसले. शेवटी शेषरावकाका हात जोडून पुढे आले. "मास्तर, दुपारच्याला ड्रम बंद ठेवत जाईन. आता तरी या!"

कावळा आला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही परतलो. येताना आत्या टेम्पोत माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काहून काईच बोलली न्हाईस?"

मला कावळा शिवायला नको होता.

दुसऱ्या दिवशी मी शेड उघडली. सरसाचा आणि शिवणीच्या भुशाचा वास तसाच होता. भिंतीवर सात बलालाइका खिळ्यांना टांगलेल्या. बाकावर आठवी, पूर्ण झालेली, पण तारांविना. ती माझ्यासाठी होती. तिच्याच ताती आणायला आबा निघाले होते. भिंतीवरच्या सातही वाद्यांच्या कानाच्या खुंट्या आडव्या होत्या. त्यात नवल काही नव्हतं. आबा गावाला निघाले होते.

मी बराच वेळ त्या आडव्या खुंट्यांकडे बघत उभी राहिले. मग मला राग आला. गावाला गेलेला माणूस परत येऊन खुंट्या उभ्या करतो. सगळ्यांनी मिळून मला सांगून झालं होतं की आबा परत येणार नाहीत. मग हा नियम कुणासाठी पाळायचा? मी पहिली बलालाइका खाली घेतली आणि कानाची तात ताणली. मग दुसरी.

आत्या दारात येऊन उभी राहिली. "काय पिरगाळून राहिली माय?"

"तारा लावतेय."

"त्यानं सैल केल्या त्या सैल ऱ्हाऊ दे की."

"त्यांनी परत येण्यासाठी सैल केल्या होत्या, आत्या."

ती पदराने तोंड पुसून निघून गेली. मी सातही लावल्या. शेवटची लावताना भिंतीवरच्या बाकीच्या सहा बारीक गुणगुणल्या. तेही ठीकच होतं. एक तार वाजली की तिच्या सुराच्या दुसऱ्या तारा थरथरतात.

तात सैल करून पुन्हा ताणली की उतरते. रात्रीत उतरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरते. आबा तिला रुसलेलं पोरगं म्हणायचे, चार दिवस समजूत काढावी लागते. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सूर लावायला म्हणून गेले. एकही उतरली नव्हती.

मी जवळ जाऊन बघितलं. वाद्यांच्या पोटावर, खुंट्यांवर, खिळ्यांवर हळदीची धूळ बसली होती. बोट फिरवलं तर रेघ उमटत होती. तातींवर मात्र कणही नव्हता. मी स्वतःला समजावलं की शेजारच्या ड्रममुळे ताणलेल्या तारा सतत थरथरतात, धूळ कशी टिकेल? स्पष्टीकरण बरं होतं. त्यात पोलादी तारेवर धूळ का बसली होती, एवढंच बसत नव्हतं.

त्या दुपारी जेवणं झाल्यावर वीज गेली. शेषरावकाकांचा ड्रम घरघरत मंदावला आणि थांबला. ड्रम थांबला की गावावर अशी शांतता येते की रांजणाचं ठिबकणंही ऐकू येतं. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. आत्या उंबऱ्याशी तूर निवडत होती. भागवत ओसरीवर फोनवर बोलत होता.

शेडमध्ये ती चाल वाजली. टकटक केल्यासारखी. आणि अर्धवट थांबली.

आत्याच्या हातातलं सूप थांबलं. भागवत फोनवर "एक मिनिट" म्हणाला.

शेडची किल्ली माझ्या कमरेला होती. मी गेले, कुलूप काढलं. जमिनीवर धुळीचा सपाट थर होता आणि त्यात माझ्याच चपलांचे सकाळचे ठसे होते, दारापासून भिंतीपर्यंत आणि परत. बाकी काही नव्हतं. पत्रा उन्हाने तडतडत होता. मी पत्र्याबद्दल विचार केला, वाऱ्याबद्दल केला, उंदरांबद्दल केला. मग जवळची बलालाइका काढली आणि शेवटचे तीन सूर वाजवले.

घरात आले तेव्हा आत्या म्हणाली, "आधीचंबी तूच वाजवलं ना?"

"नाही."

"व्हय म्हण," ती म्हणाली. "माय, व्हय म्हण."

मी व्हय म्हटलं नाही.

मग ते रोजचं झालं. वीज गेली, ड्रम थांबला, की चाल. मी जाऊन ती पुरी करायची. भीती वाटत होती का, तर वाटत होती. पण त्या तीन सुरांसाठी मी सकाळपासून वीज जायची वाट बघायला लागले होते. भीतीपेक्षा ते मोठं होतं. दहाव्यापर्यंत माझ्याकडे एक चष्मा, एक मफलर आणि लोकांनी सांगितलेलं "वाईट वाटून घेऊ नको" एवढंच उरलं होतं. आता रोज दुपारी मला कोणी हाक मारत होतं.

शेषरावकाका एकदा भिंतीवरून डोकावले. दिलेला शब्द पाळून ते आता वीज असली तरी दुपारचा ड्रम बंद ठेवायला लागले होते. "देवश्रीबाई, मास्तरवानीच वाजवून राहिल्या बगा. मी म्हणलो, आले का काय मास्तर!" ते हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा ड्रम दुपारीही चालू राहिला.

ड्रम चालू असताना चाल ऐकू यायची नाही, पण शेडच्या पत्र्याला हात लावला की कळायची.

तेरावं होऊन चार-पाच दिवस झाल्यावर भागवतने विषय काढला. शेड शेषरावकाकांना पोती ठेवायला द्यायची हे त्याने आधीच ठरवलं होतं. वाद्यांचं काय करायचं एवढंच राहिलं होतं आणि तेही आता त्याचं आणि आत्याचं ठरलं होतं. टेम्पो दारात उभा होता.

"नदीत सोडू," भागवत म्हणाला. "ताई, मला रात्री झोप नाही. आत्या जेवत नाही. तुला काय हवंय?"

"ही भिंत हवीय. अशीच."

"त्याला वाट मोकळी कर," आत्या म्हणाली. ती रडत नव्हती, समजावत होती. "कावळा शिवला न्हाई, तवाच मला कळलं. जीव अडकला बाई त्या तारांत. तुला बरं वाटतं, पर त्याला किती तकलीफ व्हत असंल?"

हे वाक्य मला लागलं, अजूनही लागतं. तरी मी दारातून हलले नाही.

"स्तेपानबुवा सांगायचे," मी भागवतला म्हणाले, "त्यांच्या मुलखात एका राजाने अशी वाद्यं गाड्या भरभरून नदीकाठी नेऊन जाळली होती. लोकांना बिघडवतात म्हणून. गोल पोट वाकवणारे कारागीर उरले नाहीत. तर शेतकऱ्यांनी कुऱ्हाडीने तीन फळ्या तासल्या आणि ठोकल्या. म्हणून ही तिकोनी. तू लहान असताना आबांनी तुलाही सांगितलं होतं."

"ताई, ही कयाधू आहे. आणि मी राजा नाही. मी आबांचा मुलगा आहे."

"मग उचल. मी अडवत नाही."

मी बाजूला झाले. खरंच अडवणार नव्हते. त्याचाही हक्क होता. तो आत गेला आणि त्याने पहिल्या खिळ्यावरची बलालाइका काढली. शेजारी ड्रम घरघरत होता. दोन पावलं टाकून तो थांबला.

"ताई, सोड."

मी दारात होते. माझे हात मोकळे होते. त्याने मागे वळून बघितलं आणि त्याला ते दिसलं.

बलालाइकाचा दांडा त्याच्या मागे राहिला होता, थोडा वर, जसा दुसऱ्या टोकाला कोणी धरल्यावर राहतो. त्याने ओढला नाही. मग मागे गेला आणि वाद्य खिळ्याला लावलं, पोटावर ऊन पडू नये म्हणून जरा तिरकं; आबांनी आम्हा दोघांना शिकवलं होतं तसं.

"आबा," तो हळूच म्हणाला. आणि बाहेर आला.

टेम्पो रिकामा गेला. सकाळच्या जीपने भागवतही गेला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो माझ्याहून लहान असून. शेडबद्दल काही बोलला नाही.

आत्या राहिली. ती एकच म्हणत राहिली, "टाकू नको, जाळू नको. तारा तेवढ्या सैल कर."

मलाही सुटी संपत आल्याने परभणीला जायचं होतं. आदल्या दिवशी हिंगोलीला जाऊन मी ताती आणल्या. आबा जिथून आणत त्याच खेळाच्या दुकानातून. सकाळी आठव्या बलालाइकाला तिन्ही तारा चढवल्या आणि बाक पुसून त्यावरच ठेवली. मग शेडच्या मधोमध उभी राहिले. गावाला निघण्याआधी आबा उभे राहायचे तिथेच.

मी मोठ्याने बोलले. आत्या ऐकत असेल तर ऐकू दे म्हणून.

"आबा, मी गावाला निघालेय. नियम मला माहीत आहे. मी एकही खुंटी आडवी करणार नाही. तुम्हाला जायचं असेल तर तुमच्या हाताने कानाची तार सैल करा. तुम्ही केलीत तर मी पुन्हा ताणणार नाही. पण ते तुम्ही करायचं. हे लोक नाही, आणि मीही नाही."

आठही कानाच्या खुंट्या उभ्या होत्या. मी प्रत्येकीकडे बघून घेतलं. कुलूप लावलं, किल्ली बरोबर घेतली.

परभणीत मी रजा वाढवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. आत्या ओसरीवर बसली होती. "काई वाजलं न्हाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "तू गेलीस आन् काईच वाजलं न्हाई. गेला बाई तो. सुटला."

मी पिशवी न ठेवता शेडकडे गेले. कुलूप तसंच होतं. दार उघडलं.

जमिनीवर ताजी धूळ. एकही ठसा नाही.

भिंतीवरच्या सातही कानाच्या खुंट्या उभ्या होत्या. मला आनंद झाला. मग मी बाकाकडे बघितलं. आठवीची, माझ्या बलालाइकाची, कानाची खुंटीही उभी होती.

हाताची आडवी होती.

हाताची तात सैल पडून फळीवर टेकली होती. मी वाकून बघितलं. आडव्या खुंटीच्या वरच्या अंगाला हळदीचा थर होता, सपाट, कुठेही न मोडलेला, बाकावरच्या थराइतकाच जाड. म्हणजे खुंटी आज फिरली नव्हती, काल दुपारनंतरही नव्हती. मी कुलूप लावून वळले, त्याच वेळी फिरली होती.

ते काम आपलं नसतं, आबा म्हणाले होते. कोणाचं असतं ते मी विचारलं नव्हतं. पण हाताची तार वाजवणाऱ्याची असते, आणि ही बलालाइका माझी होती.

शेजारी ड्रम मंदावला आणि थांबला. वीज गेली.

मी आबांच्या स्टुलावर बसले. बलालाइका मांडीवर घेतली. कानाची तार सैल झाली तर ताणणार नाही, असा मी शब्द दिला होता. हाताच्या तारेबद्दल मी कोणालाही, काहीही कबूल केलेलं नव्हतं. मी खुंटी धरली आणि उभी करायला लागले. ती जड गेली. पलीकडून कोणी पिळत असावं तशी जड. मी सोडली नाही.

हाताची तार लावताना सूर कानाच्या तारेवरून घ्यायचा असतो. आधी ती छेडायची, मग हिला तिच्याशी मिळवायचं. मी अंगठा कानाच्या तारेकडे नेला.

ती आधीच वाजत होती.